उन्हाला भिणारे, अंधाराला भिणारे

खोटं वाटेल तुम्हाला. वाटू द्या. बेचाळीस वर्षं मी जीप चालवली, आणि या जंगलात जे जे पाहिलं ते सांगायला बसलो की लोक चपला शोधायला लागतात. मूल गावच्या रस्त्यावर एका अस्वलाला जीपमधून पुढच्या नाक्यापर्यंत सोडलं होतं, हेसुद्धा कोणी मानत नाही. पण आजची गोष्ट त्या अस्वलाहून अवघड आहे. पोरींनो, एका पोराचं आणि एका पोरीचं जमलं, आणि ते जमवलं कोणी? मैत्रिणीनं नाही, मोबाईलनं नाही... किड्यांनी! डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांनी. एका चमच्यात अख्खा चंद्रपूर जिल्हा मावेल इतके असतात ते.

तीन वर्षांमागची गोष्ट. मी निवृत्त झालो होतो, पण सावली तालुक्यातल्या एका शेती केंद्रानं मला परत बोलावलं. का? तर कोसमटोला या जंगलातल्या वस्तीचा रस्ता जीपला ठाऊक नव्हता, मला होता. त्या केंद्रात नवी पोरगी आली होती. दिव्यानी मेश्राम, नागभीडची, वडील रेल्वेत. दोन वेण्या, मोठा चष्मा, आणि मांडीवर थर्माकोलचा डबा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "डबा मागं ठेव की बाई." तर म्हणाली, "नाही बापूभाऊ, त्यांना धक्के सोसत नाहीत." मला वाटलं, कोंबडीची पिल्लं असतील.

त्या दिवशी श्रावणाचा पाऊस होता. पडतोय की नुसता लोंबतोय तेच कळत नव्हतं. नाल्याच्या अलीकडे, रस्त्याच्या ऐन मध्यात, एक पोरगा दोन्ही हात पसरून उभा. एका हातात मुळासकट उपटलेलं हळदीचं झाड... पण त्याला मूळच नव्हतं.

"थांबा! पुढं जाऊन नका राहू."

"काऊन रे?" मी काच खाली केली.

"नाल्याच्या चिखलात पंजे हाय. ताजे. त्याच्यात पाणी अजून भरून राह्यलं."

मागच्या सीटवर दिव्यानीनं डबा पोटाशी धरला. पाणी अजून भरतंय म्हणजे तो पाय उचलून आत्ताच गेला. कुठे गेला, ते कोण सांगणार? दोन्ही बाजूंना हिरवं दाट, त्यात एक पान हलेना.

"मले बी घ्या ना गाडीत," तो पोरगा म्हणाला. "पायी जायची हिंमत नाई होऊन राह्यली."

असा सरळ बोलला. लाजला नाही की हसला नाही. दिव्यानीनं दार उघडलं. पुढे तिनं मला सांगितलं, "बापूभाऊ, आपण कशालाच भीत नाही असं सांगणारी पोरं कॉलेजात खूप पाहिली. भीती वाटते म्हणणारा हा पहिला."

त्याचं नाव इसरू कुळमेथे. कोसमटोल्यातलं शेवटचं घर आणि जंगलाला लागून असलेली एकरभर हळद त्याची. बसल्या बसल्या त्यानं खिशातून सागाच्या पानाची पुडी काढली. आत एक पांढरी, जाड, वेटोळं केलेली अळी. तपकिरी डोकं, पोटाशी घेतलेले पाय.

"हुमणी!" दिव्यानी चष्मा वर सारत म्हणाली. "किती छान आहे!"

इसरू तिच्याकडे बघतच राहिला. "छान? म्याडम, ह्या छान बाईनं माह्या अर्ध्या हळदीची मुळं खाल्ली. झाड पिवळं पडते, हात लावला का वर येते. फवारून फवारून थकलो, ते तर खाली मातीत बसून राह्यते."

"म्हणून तर हे आणलंय," तिनं डबा थोपटला.

"काय हाय यात? कुल्फी?"

"कृमी."

इसरू दाराकडे सरकला. "पोटातले?"

"मातीतले. सूत्रकृमी. ते स्वतःच हुमणी शोधत जातात, तिच्या पोटात शिरतात, आणि मग आतून—"

"बस, बस." त्यानं डोळे मिटले. "सकाळी भात खाल्ला हाय मी."

ती हसली. तिचं हसू मी आरशात पाहिलं... आणि आरशात मला दिसलं की त्यानंही एक डोळा उघडून ते पाहिलं.

टोल्यात पोचल्यावर तिनं पाकीट उघडलं, चिमूटभर भुकटी चमच्यातल्या पाण्यात कालवली आणि चमचा उजेडाकडे धरला. "बघा."

"काई तर नाई."

"जवळ या. अजून जवळ. श्वास नका टाकू त्यात."

इसरू वाकला. दोघांची डोकी चमच्यावर आली. पाण्यात धूर हलावा तसं काहीतरी हलत होतं. लाख लाख जीव, प्रत्येकाची वेगळी घाई.

"बाप्पा..." तो पुटपुटला. "हे चावत नाई ना माणसाले?"

"माणसाला, गाईला, गांडुळाला, कोणाला काही करत नाहीत. फक्त किडीला. बिचारे एकाच गोष्टीला भितात."

"कोणाले?"

"उन्हाला. ऊन लागलं की मरतात. म्हणून सूर्य झाडांमागं गेल्यावर टाकायचे. संध्याकाळी, ओल्या मातीत." तिनं चमचा बादलीत उलटा केला. "सांगा बरं, कधी टाकायचे?"

इसरूचा चेहरा उतरला. "संध्याकाळी?"

"संध्याकाळी."

"म्याडम, इथी संध्याकाळ आमची नसते."

आता ते तुम्हाला समजावून सांगावं लागेल. टोल्यात तेव्हा पाच वाजता भोंगा व्हायचा. वाजला की बाया गवताचा भारा अर्धा टाकून घरी, गुरं घरी, माणसं घरी. भोंग्यानंतर शेतात पाय ठेवायचा नाही, आणि वाघाचं नावही घ्यायचं नाही. 'तो' म्हणायचं. आदल्या वर्षी इसरूची काकी धुरपता बांधावर गवत कापत होती. भोंगा झाला होता, पण चार मुठीच उरल्या होत्या. इसरू तिच्यापासून पन्नास पावलांवर. काय झालं ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. काकी सापडली तेव्हा विळा मात्र तिच्या हातातच होता.

त्याच्या शेजारची शेतं त्या वर्षी पडीक राहिली. पोरं एकेक करून मुकादमाकडे नाव लिहून तेलंगणात मिरची तोडायला गेली. काही दिवाळीला परत आली, काही तिकडचीच झाली. मुकादम पोळ्यानंतर परत येणार होता. इसरूनं ठरवलं होतं, हळद जगली तर राहायचं. मेली तर मुकादमाच्या वहीत अंगठा... नाही, सही. दहावी झालेला होता तो.

हे सगळं त्यानं दिव्यानीला सांगितलं, काकीचं सोडून.

"मग जगवू की," ती म्हणाली. "टाकाल ना संध्याकाळी?"

तिच्या चष्म्यावर पावसाचे थेंब होते. त्यामागून ती त्याच्याकडे अशी बघत होती... पोरींनो, तशा नजरेला नाही म्हणणारा माणूस मी बेचाळीस वर्षांत पाहिला नाही.

"टाकतो," इसरू म्हणाला.

मग सुरू झाले फोन. जीपमध्ये बसून ती रोज विचारायची, आणि मी, मला ऐकायचं नव्हतं, पण माझे कान गाडीपेक्षा जास्त चालतात.

"टाकलं का?"

"टाकलं ना. संध्याकाळीच."

"बादली ढवळत होता ना? नाहीतर तळाशी बसतात ते."

"ढवळली. म्याडम, तुमी जेवल्या का?"

"किडे जेवले का ते बघा आधी."

"ते जेवतीन. तुमी सांगा."

आणि मग ती खिडकीकडे तोंड करायची. मी आरसा जरा वळवायचो, बस.

दहाव्या दिवशी आम्ही परत गेलो. दिव्यानी फावडं घेऊन पहिल्या ओळीत बसली. कृमींनी मारलेली हुमणी विटेसारखी लाल होते. ती लाल शोधत होती. एक निघाली. पांढरी. वळवळली. दुसरी, पांढरी. पाचवी, आठवी... सगळ्या पांढऱ्या, टपोऱ्या, जिवंत. तिचा हात थांबला.

"माझेच मेलेले होते," ती हळूच म्हणाली. "डब्यातच मेले असतील. मी नीट ठेवले नाहीत. साहेबांना सांगते, माझ्याकडून जमत नाही हे. बंद करा." चष्मा काढून ती ओढणीनं पुसायला लागली, आणि पुसतच राहिली.

इसरू तिच्यासमोर उकिडवा बसला. हातातल्या ढेकळाचा त्यानं पार चुरा केला.

"म्याडम."

"हं."

"तुमचे किडे चांगले होते... मीच मारले."

तिनं मान वर केली.

"दुपारी टाकले. भर बारा वाजता. सूर्य डोक्यावर. तीन दिवस कडक ऊन पडलं होतं ना, तेव्हा. संध्याकाळी निघालो होतो, बादली भरली होती. पण भोंगा झाला का पाय उचलत नाई माहा. आंगणातच उभा राह्यलो. मंग दुसऱ्या दिवशी..."

"आणि रोज फोनवर खोटं?"

"तुमी इतक्या खुशीनं इचारत होत्या."

ती उठली आणि सरळ जीपकडे चालत आली. मला वाटलं, संपलं. किल्ली लावली मी. पण तिनं मागचं दार उघडून डबा काढला. दुसऱ्या गावासाठी आणलेली शेवटची पाकिटं होती त्यात.

"बापूभाऊ, सहाला सूर्य झाडांमागं जाईल. आपण थांबतोय."

"बाई, भोंगा—"

"ऐकलाय मी भोंग्याबद्दल."

इसरूनं तिची वाट अडवली. "तुमी नाई जायचं. हळद मेली तर मरू द्या. मी जाईन मुकादमासंग."

"आणि मी?" एवढंच म्हणाली ती. मग डबा दुसऱ्या हातात घेतला. "म्हणजे... माझे किडे?"

"खरंच असं म्हणाली?" मध्येच कढईपाशी बसलेली खुशबू बोलली. ही बारावीची पोरगी, अशा जागी हिचे कान टवकारतात.

खरंच असं म्हणाली. आता गप्प बस, कारण भोंगा होतोय.

पाच वाजले आणि तो वाजला. मी लग्नाचे बँड ऐकलेत, कोळशाच्या खाणीतला सुरुंग ऐकलाय, पण त्या भोंग्यासारखा आवाज नाही. संपल्यावर जी शांतता येते ती जास्त वाईट. दारं लागली. चुलींचा धूर निघाला. शेतांत फक्त आम्ही. सहाच्या सुमारास ऊन सागाच्या शेंड्यांवर गेलं आणि दिव्यानी म्हणाली, "चला."

ती झारी घेऊन पुढे, इसरू बादली घेऊन मागे. एका हातानं बादली, दुसऱ्या हातानं ढवळणं. हळदीची पानं कमरेइतकी. त्यात दोन हातांवर काय बसलंय ते दिसायची सोय नाही. ती एका ओळीला पाणी द्यायची, थांबायची, ऐकायची. पानावरून थेंब पडला तरी दोघं दचकायचे.

"ढवळताय ना?" ती कुजबुजली.

"ढवळून राह्यलो."

"राहू द्या. तुमचा हात इतका थरथरतोय, बादली आपोआप ढवळतेय."

"अन् तुमची झारी काऊन नाचून राह्यली?"

"...पाणी सारखं पडावं म्हणून."

दोघांना हसू आलं, पण आवाज कोणी काढला नाही. पंधरा ओळी झाल्या. वीस झाल्या. उजेड राखाडी झाला. बांधाच्या टोकाला ती जागा आली, जिथे काकी गवत कापत होती. इसरूचे पाय थांबले.

"इथी," तो म्हणाला. "मी तिथी होतो, त्या मोहाखाली. तिनं आवाज देला. इसरू म्हणून. मी... मी गावाकडं पळालो, म्याडम. तिच्याकडं नाई. लोक म्हणतात, मदत आणाले गेला. मी पळालो."

दिव्यानीनं झारी खाली ठेवली. ती काही बोलणार, तेवढ्यात जंगलाच्या काठावर वानर खोकललं. खॅक्! एकदाच. मग लांबचं दुसरं. खॅक्, खॅक्! तुम्ही इथल्याच पोरी, तुम्हाला सांगायला नको. वानर उगीच खोकलत नाही. झाडावरून त्याला खाली काय दिसतंय, ते त्यालाच ठाऊक.

किर्रर्र करणारे किडे एकदम गप्प. एक वास आला, ओल्या गोणपाटासारखा. चार ओळी राहिल्या होत्या.

"म्याडम," इसरू ओठ न हलवता म्हणाला. "हलू नका."

आणि पोरींनो, तो आला! बांधावर! बारा फूट... शेपटी धरून पंधरा. डोळे दोन कंदिलांसारखे. मी कुठे होतो? मी त्याच्या आणि पोरांच्या मध्ये. हातात जॅकचा दांडा. म्हटलं, "आधी मला खा, पण सांगून ठेवतो, मी तिखट आहे." तो थांबला. बादलीकडे आला, वास घेतला, पाण्यात धूर हलताना पाहिला, आणि मान झटकून चार पावलं मागे! अख्ख्या जंगलाच्या राजाला पोटात कृमी शिरायची भीती! आणि इसरू? इसरू खांबासारखा उभा. पाय रोवून. एक बोट हललं नाही त्याचं. वाघाच्या डोळ्यात डोळा घालून तो दिव्यानीला म्हणाला, "दिव्यानी! या जंगलाला साक्षी ठेवून सांगतो, वाघ आला तरी मी पळणार नाही. तुझ्यासाठी मी इथंच उभा राहीन, जन्मभर—"

"खोटं!"

माझ्या मागून आवाज आला. हळद उकळणाऱ्या कढईच्या वाफेत दिव्यानी उभी होती. हातात झारा, चष्मा पार धुरकटलेला, पदर कमरेला खोचलेला. कढईच्या पलीकडे इसरू जाळ सारत होता. त्यानं मान आणखीच खाली घातली.

"बापूभाऊ, तुम्ही कुठं होता? जीपमध्ये. चारी काचा वर, दारं आतून बंद. आम्ही काच ठोकली तर उघडेना तुम्ही. म्हणे, 'कोण आहे?'"

पोरी फिसकन हसल्या. मला खोकला आला.

"अन् वाघ काही दिसला नाही कोणाला. वानर खोकललं, वास आला, तेवढंच. तो होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. आणि हा बोलला म्हणे! पाय रोवून म्हणे!" तिनं झाऱ्यानं कढईपलीकडे दाखवलं. "ह्याचे दात वाजत होते. तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी ह्याचा हात धरला, आणि बोलले ते मीच."

"काय बोलल्या, वहिनी?" खुशबूनं विचारलं.

दिव्यानीनं चष्मा काढला. जाळाच्या उजेडात ती थोडी लाजल्यासारखी दिसली, किंवा वाफेनं तोंड लाल झालं असेल.

"म्हटलं, पळ. पण या वेळेस एकटा नको पळू."

कढई खदखदत होती.

"मंग?" खुशबूनं विचारलं.

"मंग काय," इसरू जाळाकडे बघतच म्हणाला, "पळालो. दोघं बी. हात काई सोडला नाई हिनं. बादली, झारी, सगळं तिथीच. चार ओळी राह्यल्या त्या राह्यल्याच, हुमणीनं खाल्ल्या." त्यानं एक लाकूड आत सारलं. "बाकीची जगली. तिच्याच बेण्याची ही उकळून राह्यली."